दुसऱ्याच्या पोरासाठी मागितलेली प्रार्थना

मोबाईल पिशवीत टाका आणि पुढच्या बाकांवर येऊन बसा. मागची बाकं अडवायची खोड तुम्हाला शाळेपासूनची. तुमची पोरं दहावी-बारावीला आली तरी सुटेना.

उत्तम मेंढपाळाच्या रविवारी तुम्ही सगळे हजर होता. धर्मगुरूंसाठी आणि नव्या पाचारणांसाठी विनंती झाली तेव्हा आवाजही चांगला मोठा लावलात. मिस्सा संपून चर्चच्या पायरीवर आलात आणि एक मुलगा म्हणाला, मला पुण्याची सेमिनरी बघायला जायचंय. आईने त्याचं मनगट धरलं आणि ‘काहीतरीच बोलतो’ म्हणत त्याला गाडीकडे नेलं. भोवतीची माणसं हसली. त्यांत तुम्ही होतात, मी पाहिलं. मग मघाशी मागितलं काय होतं? देवाने धर्मगुरू द्यावेत, पण ते वसईच्या, गोव्याच्या, मंगळूरच्या घरांतून द्यावेत, असं? मग पुढच्या वर्षी विनंती तशी स्वच्छ अक्षरात लिहून आणा, मी वाचून दाखवतो.

पोप सहावे पॉल यांनी 1964 साली पाचारणांसाठीचा हा प्रार्थनादिन सुरू केला, तो काय वर्षातून एकदा घसा मोकळा करायला? पीक भरपूर आहे, कामकरी थोडे आहेत, शेताच्या धन्याकडे माणसं मागा, असं येशूने सांगितलं हे तुम्हाला पाठ आहे. कृष्णाकाठच्या माणसांना त्याचा अर्थ मी समजावून सांगायचा? फडात ऊस उभा आहे, तुरा आलाय, तोडणीच्या टोळीचा पत्ता नाही, वजन घटतंय. तेव्हा काय करता? कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे लागता, मुकादमाला उचल देता, अपरात्री फोन करता. ‘देव बघून घेईल’ म्हणून पांघरूण ओढून कुणी झोपत नाही. देवाच्या शेताची गोष्ट निघाली की मात्र तुमचा विश्वास एकदम अफाट होतो!

देवावर भरवसा म्हणजे काय, ते बघायला लांब जायला नको. नारायण वामन टिळक 1917 साली अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडून मोकळे झाले आणि शेजारच्या साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. पन्नाशी उलटलेली, संसार पाठीशी. 1919 साली गेले. ते आपल्या पंथाचे नव्हते, मला ठाऊक आहे. हात वर करू नका. भरवशासाठी त्यांनी काहीतरी हातातून सोडलं. तुम्ही काय सोडलंत?

‘सर, एकच मुलगा आहे.’ ऐकलं. ही अडचण खोटी आहे असं मी म्हणणार नाही. घरं लहान झाली, म्हातारपणाची धास्ती आहे, द्राक्षबागेचं कर्ज आहे. ज्याला द्यायचं नाही त्याने देऊ नये. पण मग देवासमोर नुसता आवाज लावू नये. तोच एकुलता मुलगा परदेशी नोकरीला निघाला तर पेढे वाटता. तेव्हा म्हातारपण आठवत नाही? सांगलीहून पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. पेपल सेमिनरी तिथेच, नगर रस्त्यावर आहे. पोप तेरावे लिओ यांनी ती 1893 साली श्रीलंकेत कँडीला स्थापन केली आणि 1955 साली ती पुण्याला आली. देशाच्या कानाकोपऱ्यातली मुलं तिथे शिकायला येतात आणि तुम्हाला नगर रस्ता लांब वाटतो.

आणि फादरांबद्दल तुमच्या तोंडी काय असतं? प्रवचन लांबलं. उशीर झाला. हिशेब दाखवत नाहीत. हिशेब जरूर मागा, तो तुमचा हक्कच आहे. एखाद्याने गंभीर गुन्हा केला तर पोलिसांत जा. तिथे प्रार्थनेचं पांघरूण घालायला मी सांगणार नाही. पण रोज जेवणाच्या ताटावर बसून फादरांची सालं काढायची आणि त्याच ताटावरच्या पोराला वेदीची ओढ लागावी म्हणायचं? फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा ‘आपला माणूस’ म्हणून तुम्हीच मिरवलात. बिशप थॉमस डाबरेंनी तुकोबांवर प्रबंध लिहिला, त्याचंही तुम्हाला भारी कौतुक. दोघेही वसईचे. त्या घरांतल्या आयांनी मनगट धरून गाडीकडे नेलं असतं तर?

माझा मुलगा अभ्यासात यथातथाच, असंही कुणीतरी कुजबुजलं. आर्सचे जॉन व्हिआनी लॅटिनमध्ये इतके कच्चे होते की गुरुजन हात टेकत. 1815 साली कसेबसे धर्मगुरू झाले. आज जगभरच्या धर्मग्रामांतल्या धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत आहेत. मार्कांचं माझ्यावर सोडा, ते माझं काम.

उलट टोकाचेही इथे एक-दोघं बसलेत. पोरगं जन्मायच्या आधीच त्याला देवाला वाहून टाकलेले. त्यांनीही ऐकावं. दीक्षेसाठी कुणावर जबरदस्ती करायला चर्चच्या कायद्यानेच सक्त मनाई केली आहे. नवस तुमचा होता, जन्म त्याचा आहे. त्याच कायद्यात पाचारणं जोपासायची जबाबदारी साऱ्या ख्रिस्ती समाजावर टाकलेली आहे. साऱ्या म्हणजे बिशपांवर, फादरांवर आणि मागच्या बाकांवरही.

तेव्हा आजपासून घरात रात्रीची जपमाळ होईल, तिच्यातलं एक दशक आपल्या फादरांच्या नावाने म्हणा, नाव घेऊन म्हणा. आजारपणात ते एकटे जेवत असतील तर डबा पोचवा. आणि सुट्टीत पोराने सेमिनरी बघायला जायचं नाव काढलं, तर एसटीचं तिकीट काढून द्या. आठ दिवसांत तो ‘हे माझं नव्हे’ म्हणत परत आला, तर दारात उभं राहून एका शब्दानेही टोमणा मारू नका.