ऐकून घेण्यापूर्वी ठरविलेला दोष

एखाद्या मनुष्याचा अपराध आपणांस पक्का ठाऊक असेल, तर त्याचे म्हणणे ऐकून घेणे आपणांवर बंधनकारक आहे काय? गिरणीत, कचेरीत, शाळेत आणि आपल्या मंडळ्यांच्या पंचांपुढेही हा प्रश्न वारंवार उभा राहतो. बहुधा त्याचे उत्तर कोणी विचारपूर्वक देत नाही. चोर सापडला, मग त्याला काय विचारावयाचे, असे म्हणून काम आटोपले जाते.

वाचकांनी उत्पत्तीचा तिसरा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. आदामाने फळ खाल्ले हे देवाला ठाऊक नव्हते काय? तरी तो बागेत येऊन प्रथम त्याला हाक मारतो, मग प्रश्न करतो, मग स्त्रीला विचारतो, आणि दोघांची उत्तरे ऐकल्यावरच शिक्षा सांगतो. सापाला मात्र तो काहीच विचारीत नाही. हा भेद मला फार अर्थपूर्ण वाटतो. देवाने विचारले ते माहिती मिळविण्यासाठी खास नव्हे. देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे घडविलेल्या मनुष्याला उत्तर देण्याचा जो मान आहे, तो अपराधानेही नाहीसा होत नाही. आदामाने त्या मानाचे काय केले हे आपण जाणतो. त्याने दोष बायकोवर ढकलला. त्याची शिक्षाही टळली नाही. ऐकून घेणे म्हणजे सोडून देणे नव्हे.

इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाने १७१८ साली रिचर्ड बेंटली नामक विद्वानाच्या पदव्या त्याचे म्हणणे न ऐकता काढून घेतल्या. तो स्वभावाने मोठा भांडखोर होता, हेही सांगितले पाहिजे. तरी वरिष्ठ न्यायालयाने त्या पदव्या त्याला परत देवविल्या, आणि त्या वेळी न्यायाधीश फोर्टेस्क्यू यांनी एदेन बागेचाच दाखला दिला. आपल्या देशातील न्यायालयांनीही पुढे तो दाखला घेतला आहे.

आता नागपुराकडे येऊ. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस या मोटार कंपनीचा माल १९५० साली चोरीस गेला. एका मेकॅनिकावर संशय आला. कंपनीने चौकशी करून निष्काळजीपणा व गैरवर्तन या कारणास्तव त्याला कामावरून काढले. पुढे त्याच्यावर चोरीचा खटला झाला व १९५२ साली तो त्यातून निर्दोष सुटला. मला परत घ्या, असे त्याने म्हटले. कंपनीने मानले नाही. त्याने कायद्याने दाद मागितली, तेव्हा कंपनीचे म्हणणे असे पडले की, ज्याला काढून टाकले तो आता आमचा कामगारच नव्हे, आणि एकट्या माणसाची तक्रार हा औद्योगिक तंटा नव्हे. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९४७ च्या मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायद्याखाली काढून टाकलेल्या एकट्या कामगारालाही दाद मागता येते, असा निर्णय १९५६ साली झाला.

न्यायालयाने निर्दोष सोडले म्हणजे नोकरी आपोआप परत मिळाली, असे मात्र कायदा म्हणत नाही. कित्येकांना हा उघड अन्याय वाटतो. मला तसे वाटत नाही. तुरुंगात घालण्यास निःसंशय पुरावा लागतो. कोठाराची किल्ली कोणाच्या हाती ठेवावी हे ठरविण्यास तितका लागत नाही. परंतु मला भीती येथेच वाटते. धन्याचा माल गेला, धन्यानेच आरोप केला, आणि निवाडाही धनीच करणार! जेथे थोड्या पुराव्यावर भागते, तेथे कान अधिक उघडे ठेवावे लागतात. आरोप लिहून द्यावा, उत्तरास मुदत द्यावी, आरोप करणाऱ्याला समोर बसवावे, आणि ज्याचे नुकसान झाले त्याने न्यायासनावर बसू नये. यात नवे काही नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २५ यात फेस्त सुभेदार यहूदी पुढाऱ्यांना जवळजवळ हेच सांगतो. आणि तो तर खरा देव न जाणणारा मनुष्य होता.

आपण जाणणारे काय करतो? पुष्कळ वर्षांपूर्वी एका खेड्यातील मंडळीत मी पाच पंचांपैकी एक होतो. उपदेशकाने मुठीच्या धान्याचे पैसे खाल्ले, असा बोभाटा झाला होता. त्याला बोलाविण्यापूर्वीच आम्ही प्रार्थना केली, हिशेबाची वही पाहिली आणि एकमताने ठरवून टाकले. मग त्याला आत बोलावून सांगितले, "भाऊ, काय बोलावयाचे असेल ते बोला." त्याने आमच्या पाचही जणांच्या तोंडाकडे पाहिले व म्हटले, "तुमचे ठरले आहे ना?" कोणी उत्तर दिले नाही. तो उठून गेला, आणि त्याचे मौन म्हणजेच कबुली असे आम्ही वहीत लिहिले.

त्याने पैसे घेतले होते की नव्हते हे मला आजही ठाऊक नाही. घेतले असतील. तरीही त्या सायंकाळी आम्ही जे केले ते चुकीचेच होते, असे मी आता मानतो; कारण आम्ही त्याला आदामाच्या नव्हे, सापाच्या जागी उभे केले होते.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको प्रार्थनागृहाची किल्ली व कंदील परत द्यावयास आली. तिने दोन्ही वस्तू मेजावर ठेवल्या आणि क्षणभर दाराशी थांबली. तिलाही आम्ही काही विचारले नाही.