लुटीचे सोने आणि स्मरणाचे सोने



दरवर्षी उन्हाळ्यात आपण सिनेगॉगमध्ये ‘मत्तोथ’ ही परशा ऐकतो. तीत मिद्यानी लोकांशी झालेल्या लढाईची हकीकत आहे. लढाई संपल्यावर सरदारांनी आपल्या शिपायांची गणती केली. एकही माणूस कमी भरला नाही. तेव्हा हाती लागलेले सोन्याचे दागिने घेऊन ते मोशे रब्बेनूकडे आले आणि आपल्या जिवांच्या प्रायश्चित्तासाठी ते परमेश्वराला अर्पण केले. त्याचे वजन १६,७५० शेकेल भरले. मोशे व एलाझार कोहेन यांनी ते सोने परमेश्वरासमोर ‘झिक्कारोन’, म्हणजे स्मरण, म्हणून ठेवले. त्याच परशात असाही नियम आहे, की लढाईतून आणलेली धातूची भांडी विस्तवातून व पाण्यातून शुद्ध केल्याशिवाय वापरू नयेत.

हे सांगण्यास कारण घडले. आपल्यातील एका तरुणाला युद्धकाळातील पदके, बिल्ले, टोप्या जमविण्याचा छंद आहे. हा माल आता ऑनलाईन लिलावात मिळतो. घरबसल्या बोली लावावी, पैसे भरावेत, टपालाने वस्तू दारात येते. एका शब्बाथनंतर त्याने मला पहिल्या महायुद्धाचे एक चांदीचे पदक दाखविले. त्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मी चष्मा लावून वाचले. नाव आपल्या तनाखातले आणि आडनावाच्या शेवटी ‘कर’! कोकणातला आपलाच कोणी माणूस.

तरुण म्हणाला, “सर, दुप्पट भाव येईल ना याला?”

मला त्याच्यावर रागावता आले नाही, कारण माझे हात स्वच्छ नाहीत. माझे वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. त्यांची पदके बिस्किटांच्या डब्यात असत. आम्ही इस्राएलला यायला निघालो तेव्हा सामानाचे वजन मोजता मोजता तो डबा मी भंगारवाल्याला दिला. हिंदी फौजेच्या त्या पदकांवरही शिपायाचे नाव घातलेले असे. वडिलांचे नाव मी किलोच्या भावाने विकले. आज ते कोणाच्या कपाटात आहे, देव जाणे.

म्हणून, बंधूंनो, अशी वस्तू हाती आली की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: ही वस्तू कोणाची? तोरा सांगते की भावाची हरवलेली वस्तू सापडली तर डोळेझाक करू नये. भाऊ दूर असेल, किंवा ओळखीचा नसेल, तर ती आपल्या घरी आणून तो शोधीत येईपर्यंत सांभाळावी. कोणी म्हणेल, मी तर रोख पैसे मोजले आहेत. खरे आहे, कायद्याने ती तुमचीच. पण कडेवर नाव आहे तोवर शोधणारा भाऊ कोठेतरी असू शकतो.

दुसरा प्रश्न: ही वस्तू माझ्या मनाचे काय करते? गिदोननेही मिद्यानी लुटीचे सोने मागून घेतले होते. त्याचा त्याने एफोद करून आपल्या गावी ठेवला. हेतू वाईट नसेल, पण लोक त्याच्याच नादी लागले आणि तो गिदोनच्या घराण्याला फास झाला. याउलट गल्याथची तरवार पाहा. ती नोब येथे अहीमलेख कोहेनजवळ कापडात गुंडाळून ठेवलेली होती. तिची मिरवणूक निघत नव्हती. दावीद संकटात निःशस्त्र आला तेव्हा ती त्याच्या कामी आली.

येथे एक गोष्ट कठोरपणे सांगतो. नाझींची चिन्हे आणि आपल्या लोकांच्या छळाची हत्यारे यांचाही बाजार भरतो. २०२१ साली येरुशलेममध्ये, आऊशवित्झच्या कैद्यांच्या अंगावर आकडे गोंदण्याचे म्हणून सांगितलेले ठसे लिलावात निघाले. तेल अवीवच्या कोर्टाने ती विक्री रोखली. याद वाशेमनेही अशा व्यापाराला विरोध केला. अशा वस्तूची जागा संग्रहालयात आहे. तिच्यावर बोली लावणे म्हणजे शुद्ध न केलेले भांडे घरात आणणे होय.

तिसरा प्रश्न: शेवटी ही वस्तू कोठे जाईल? सामाजी हसाजी दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत अंमलदार होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून ते सुटले. त्या सुटकेचे स्मरण त्यांनी कशाने केले? १७९६ साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग, ‘शाआर हारहमीम’, बांधून. त्यांची तरवार कोठे आहे हे आपण कोणी विचारीत नाही. पण त्या घरात झालेली तेफिल्ला आपल्यापर्यंत पोहोचली.

मी त्या तरुणाला इतकेच म्हटले, “बाळ, विकण्याआधी त्या नावाचे घर शोध.” त्याने पदक रुमालात गुंडाळले आणि खिशात ठेवले. पुढच्या शब्बाथला तो एक वही घेऊन आला. आपल्या वडीलधाऱ्यांना तो एकेक करून विचारू लागला, की तुमच्या घरातले कोण कोणत्या पलटणीत होते? अजून घर सापडलेले नाही. पण कित्येक वर्षांत कोणी न विचारलेली नावे त्या वहीत उतरू लागली आहेत. माझ्या वडिलांचेही नाव मी स्वतःच्या हाताने त्यात लिहिले.

आपल्याही घरी असा डबा असेल, तर तो आज उघडा. नातवंडांना जवळ बसवून त्यावरचे नाव मोठ्याने वाचा. मोशेने सोने परमेश्वरासमोर ठेवले ते याचसाठी, की धातूपेक्षा माणूस आठवावा.

परमेश्वर आपल्या सर्व गेलेल्यांची नावे स्मरणात ठेवो, आणि ज्या दिवशी तरवारींची गरजच उरणार नाही तो दिवस आपल्या मुलांना दाखवो. आमेन.