शंकू उचलल्यावर काय कळते?

स्लॅबमध्ये ओतण्याआधी ओल्या काँक्रीटची जी परीक्षा होते, ती दिसायला अगदी साधी. वर 100 आणि खाली 200 मिलिमीटर व्यासाचा, 300 मिलिमीटर उंचीचा शंकू थराथराने भरायचा, प्रत्येक थराला सळईचे 25 ठोसे द्यायचे, शंकू सरळ वर उचलायचा आणि माल किती खाली बसला ते मोजायचे. हा झाला स्लम्प. आकडा ठरल्याप्रमाणे आला की गाडी रिकामी होते. पण कळले नेमके काय? बसलेला ढीग डोळ्यांना दिसतो. 28 दिवसांनी मोजली जाणारी ताकद दिसत नाही. म्हणजे हे अनुमान झाले, आणि अनुमान म्हटले की व्याप्ती, म्हणजे खूण आणि निष्कर्ष यांचे न चुकणारे साहचर्य, दाखवावी लागते.

इथेच अडचण आहे. सिमेंटच्या मानाने पाणी वाढले की ताकद घटते, हे डफ एब्रम्सने 1918 मध्ये मांडले. म्हणून स्लम्प जास्त तर पाणी जास्त, आणि माल कमजोर, असे सरसकट म्हणावेसे वाटते. प्लास्टिसायझर हे रसायन घातले, तर मात्र पाण्याचा थेंबही न वाढवता माल सैल होतो. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कशास्त्र्यांनी, असा दोष फार पूर्वी ओळखला होता: अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, सरपण ओले लागते. या आड येणाऱ्या अटीला ते उपाधी म्हणतात. स्लम्पची उपाधी म्हणजे खडी, वाळू, सिमेंट, रसायन आणि मिसळल्यापासून गेलेला वेळ, हे सारे तेच असणे. ते तेच असेल आणि 100 चा स्लम्प एकाएकी 160 झाला, तर पाण्यावरचा संशय रास्त ठरतो. स्लम्प ताकद सांगत नाही. बदल झाला एवढेच सांगतो.

फक्त प्रत्यक्ष मानणारा चार्वाकाचा अनुयायी म्हणेल, मग अनुमान हवे कशाला? 28 दिवस थांबा, त्याच मालाचा चाचणीसाठी घडवलेला क्यूब फोडा. पण तोवर स्लॅब कधीच घट्ट झालेला असतो. शिवाय 150 मिलिमीटरचा क्यूब म्हणजे स्लॅब नव्हे. तो फुटताना जे प्रत्यक्ष दिसते ते क्यूबचे, स्लॅबबद्दल पुन्हा अनुमानच. नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत शंकेला मर्यादा घातली ती याचसाठी: स्वतःच्या वागण्याशीच विसंगत ठरेल इथवर ती ताणता येत नाही. छताखाली झोपणाऱ्याने अनुमान नाकारू नये. मुरलेल्या मुकादमाची नजर पुरेशी आहे, हा आक्षेप अधिक वजनदार. ती नजर खरी असते, पण तिची व्याप्ती दुसऱ्याला तपासता येत नाही. आणि माल लवकर पसरावा असे वाटणाराही बहुधा तोच असतो.

म्हणून नोंदवहीत स्लम्पशेजारी वाळूचा ओलावा, रसायनाची मात्रा आणि मिसळल्याची वेळ लिहिलेली हवी. ते नसेल तर नुसता आकडा पुरावा म्हणून स्वीकारू नये.