गळ, गाभोळी आणि आपला वाटा



आपल्या धर्मग्रामातील बरेच जण सुट्टीच्या दिवशी खाडीवर गळ टाकायला जातात. आम्हीही त्यांतलेच. आम्ही चार कुटुंबे आहोत. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी रेल्वेत नोकरीला. आठवडाभर लोकलच्या गर्दीत अंग चेपून घ्यायचे आणि शनिवारी संध्याकाळी रॉड, तंगूस, शिशाची वजने, बर्फाच्या डब्यात जिवंत कोळंबी आणि घरून आणलेला चहा घेऊन वसईच्या खाडीवर जायचे, हा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ. मुले सोबत असतात. बायका पूर्वी नुसत्या गप्पांना येत, आता त्यांच्यातल्या दोघी आमच्यापेक्षा चांगला गळ टाकतात.

समुद्राची वेळ आपल्या हाती नसते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, आणि मासा लागतो तो बहुधा पाणी फिरण्याच्या सुमारास. त्यामुळे कधी शनिवारी रात्री, कधी रविवारी पहिल्या मिस्सानंतर आम्ही निघतो. रविवारी पहाटेची भरती असेल तर शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जायचे, हा नियम आम्ही सुरुवातीलाच केला होता. तेवढे केले की आपण सरळ मार्गाने चाललो आहोत, असे आम्हाला वाटत असे.

काही वर्षांपूर्वी जुलैच्या एका शनिवारी आमच्या गळाला मोठा जिताडा लागला. काही घरांत त्याला खजुरी म्हणतात. वीस मिनिटे तो ओढत होता. दोघांनी रॉड धरला, एकाने चिखलात उतरून त्याला बाहेर घेतला. घरी आणून वजन केले तर सात किलोच्या वर भरला. पोट फाडले तेव्हा आत गाभोळीच्या दोन लांब पिशव्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढले. चार घरांचे चार वाटे घातले आणि पाचवा वाटा शेजारच्या काकांकडे पाठवला. काका कोळी आहेत. त्यांची बोट आहे, आणि चर्चमध्ये ते आमच्या पुढच्याच बाकावर बसतात.

काकांनी वाटा घेतला. आभार मानले. मग सहज विचारावे तसे विचारले, “गाभोळी होती का रे पोटात?”

आम्ही मोठ्या अभिमानाने हाताने माप दाखवले.

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आम्ही बोट वर ओढून ठेवलीय, ती ह्याच्याचसाठी.”

ते रागावले नव्हते. टोमणाही मारला नव्हता. पण त्या रात्रीचे कालवण आम्हाला गोड लागले नाही, हे खरे.

आमची पहिली सबब

आम्ही आपसांत बोलू लागलो तेव्हा पहिले उत्तर सगळ्यांच्याच तोंडी तयार होते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते ती यांत्रिक बोटींना. आपल्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, अशी ती बंदी २०२५ सालीही होती. आम्ही तर धक्क्यावर बसणारी माणसे. आमचा एक गळ, एक मासा. मोठ्या बोटी एका फेरीत जेवढे आणतात तेवढे आम्ही जन्मभरात धरणार नाही. मग आमच्या एका जिताड्याने समुद्राचे काय बिघडले?

ही सबब खोटी नाही. पण ती पुरी पडत नाही. दुसऱ्याने मोठे नुकसान केले म्हणून आपले लहान नुकसान योग्य ठरत नाही, हे आपण मुलांना रोज सांगतो. शिवाय काकांचा प्रश्न मासे किती धरले असा नव्हताच. त्यांचे पोट मासळीवर आहे आणि तरीही ते दोन महिने कमाई सोडून घरी बसतात. आमचे पोट पगारावर आहे आणि आम्हाला एक शनिवारही सोडवला नाही. ज्याची गरज मोठी तो थांबला, ज्याची हौस मोठी तो थांबला नाही. आम्हाला टोचले ते हे.

त्यातून जिताड्याची गोष्ट आम्ही नंतर नीट समजून घेतली. हा मासा पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिले तिवरांत, आतल्या पाणथळीत वाढतात. पुष्कळसे जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी, अंगाने मोठे झाल्यावर, मादी होतात. म्हणजे मोठा जिताडा बहुतेक वेळा मादीच असतो, आणि एक मादी लाखोंनी अंडी देते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात याच माशासाठी दुहेरी माप आहे. ५८ सेंटिमीटरहून लहान ठेवायचा नाही आणि १२० सेंटिमीटरहून मोठाही ठेवायचा नाही. लहानाला सोडायचे हे आम्हाला ठाऊक होते. मोठीलाही सोडावे लागते, हे आमच्या डोक्यातही आले नव्हते. आपल्या राज्यानेही २०२३ साली मासळीच्या ५४ जातींची किमान मापे ठरवून दिली आहेत. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून मान मिळाला. मान देणे सोपे, माप पाळणे कठीण.

मग आनंदच चुकीचा का?

आमच्यातल्या एका भगिनीने यावर टोकाची भूमिका घेतली. ती म्हणाली, भूक असेल तर मासा धरावा, मजेसाठी धरू नये. बाजारात मासळी मिळते. मग आपण जातो ते मजेसाठीच. मजेसाठी जीव घेणे बरोबर नाही.

तिचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नव्हते. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांविषयी जे सांगितले आहे त्याचा आशय असाच आहे: अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य आहे, पण गरज नसताना त्यांना यातना देणे किंवा मारणे माणसाला शोभत नाही. माशाला यातना होतात का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तरी २००३ साली ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदना ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. म्हणजे नेमके जिथे आपला गळ रुततो तिथे. माशाला काहीच कळत नाही, असे आता आपण निर्धास्तपणे म्हणू शकत नाही.

पण आनंद आणि गरज यांची अशी साफ फाळणी करता येते का? आमची मुले मोबाईल बाजूला ठेवून चार तास पाण्याकडे बघत बसतात. आमचा एक मित्र वडील गेल्यानंतर कित्येक महिने कोणाशी बोलत नव्हता. तो पहिल्यांदा बोलला तो धक्क्यावर, अंधारात, तंगूस बोटावर धरून. विश्रांती, सोबत आणि निसर्गाचा सहवास याही माणसाच्या गरजाच आहेत. रविवार पवित्र पाळायचा तो मिस्सापुरता नव्हे. आपल्या माणसांना वेळ देणे हाही त्याचाच भाग आहे.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र मित्रांना आपण मासे धरायला जातो असे सांगतो, आणि तेही त्याच्याबरोबर निघतात. सारे मिळून सात जण. तो तलाव गोड्या पाण्याचा होता आणि ते हौशी नव्हते, पण दुःखात आणि गोंधळात असलेल्या माणसांनी एकत्र पाण्यावर जाणे आपल्याला ओळखीचे वाटते. पहाटे किनाऱ्यावर प्रभूने त्यांना त्यासाठी बोल लावला नाही. त्याने निखारे पेटवून न्याहारी तयार ठेवली होती.

धरून सोडणे

तेव्हा एकाने मधला मार्ग सुचवला. मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत सोडायचा. आनंदही मिळाला, जीवही वाचला. हल्ली पुष्कळ हौशी लोक असेच करतात.

आम्ही काही महिने तसे केलेही. पण मनाचे समाधान झाले नाही. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. गळ खोल गिळलेला असेल, पाण्याबाहेर फार वेळ राहिला असेल, कोरड्या हातांनी अंगावरचा बुळबुळीत थर निघाला असेल, तर तो पुढे मरू शकतो. आणि समजा जगला, तरी एक प्रश्न उरतोच. खाण्यासाठी धरलेल्या माशाच्या यातनेला निदान अन्नाचे कारण आहे. नुसते खेळवून सोडलेल्या माशाच्या यातनेला कोणते कारण आहे? स्वित्झर्लंडने २००८ सालच्या प्राणिसंरक्षण नियमांत, सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरायला मनाई केली आहे. आम्हाला जे दयेचे वाटत होते, ते त्या देशाने निर्दयपणाचे मानले. आधी आम्हाला हे उफराटे वाटले. विचार केल्यावर त्यातले तथ्य पटले.

याचा अर्थ मासा सोडू नये असा नाही. लहान असेल, गाभोळीचा असेल, तर तो सोडलाच पाहिजे. पण सोडणे ही चूक दुरुस्त करण्याची रीत आहे, खेळ चालू ठेवण्याचा परवाना नव्हे. घरी लागेल तेवढा मासा मिळाला की गळ गुंडाळायचा. आणखी दहा धरून दहा सोडले तर आपण दयाळू ठरत नाही.

पहिला मासा

शुभवर्तमानात गळाचा उल्लेख एकदाच येतो. संत मत्तयच्या सतराव्या अध्यायात, मंदिराचा कर भरण्यासाठी प्रभू पेत्राला गळ टाकायला पाठवतो. वर येणारा पहिलाच मासा घ्यायचा, त्याच्या तोंडात नाणे मिळेल, ते दोघांसाठी द्यायचे. इतक्या वेळा वाचूनही एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. जाळे टाकायला सांगितले तेव्हा एकदा १५३ मोठे मासे आले. गळ टाकायला सांगितला तेव्हा एकच मासा, आणि गरज होती तेवढेच नाणे. या प्रसंगाचा मूळ अर्थ वेगळा आहे हे आम्ही जाणतो. पण गळ हातात घेणाऱ्यांना त्यातून मापाचा धडा घ्यायला कोणाची हरकत नसावी.

म्हणून आम्ही चार घरांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. जून-जुलैत खाडीच्या तोंडाशी गळ टाकायचा नाही, कायदा आम्हाला अडवो वा न अडवो. निघण्यापूर्वीच किती मासे हवेत ते ठरवायचे. फार मोठा जिताडा लागला तर हात ओले करून, होईल तितका पाण्यातच ठेवून सोडून द्यायचा. ठेवायचा तो मासा तडफडत पिशवीत टाकायचा नाही, लगेच मारायचा, आणि हे काम मुलांच्या नजरेआड करायचे नाही. ताटातला घास कुठून येतो ते त्यांना कळू द्यावे. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणायचा, कारण तो पाण्यात वर्षानुवर्षे पक्ष्यांच्या पायांत अडकत राहतो.

हे नियम पाळणे सोपे गेले असे नाही. मागच्या एका ऑक्टोबरात एक भला मोठा जिताडा वर आला तेव्हा आमच्यापैकी दोघांनी “एवढा एकच” म्हणून गळ घातली. बराच वाद झाला. मासा पाण्यात धरून उभ्या असलेल्या मुलाने वादाचा निकाल लागण्यापूर्वीच हात सोडले. एक मित्र त्या दिवशी रुसून निघून गेला. दोन आठवड्यांनी परत आला.

आमच्या त्या भगिनीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्याकडे अजूनही नाही. तंगूस ताणला जातो त्या क्षणी आपल्या छातीत जो आनंद उसळतो, तो पलीकडच्या जीवाच्या धडपडीतूनच येतो, हे नाकारता येत नाही. ती आमच्याबरोबर येते, चहा करते, मुलांना तारे दाखवते, गळ मात्र टाकत नाही. आम्ही तिला आग्रह करत नाही. तिचे तिथे असणे आम्हाला बरे वाटते. कोणीतरी आठवण ठेवणारे सोबत असावे.

पुढच्या वर्षी जुलैत आम्ही शनिवारी काकांच्या अंगणात गेलो. ते जाळे दुरुस्त करत बसले होते. मुलांनी हातात सुई घेतली आणि दोन तासांत काकांचे काम चार तासांनी वाढवले. काका हसले. निघताना म्हणाले, “नारळी पुनवेला या. पहिला वाटा तुमचा.”

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी जे खाडीवर, किनाऱ्यावर जातात त्यांनी जरूर जावे, घरच्यांना घेऊन जावे. फक्त निघण्यापूर्वी एकदा स्वतःला विचारावे: आज आपल्याला किती हवे आहे? आणि ज्यांचे घर त्या पाण्यावर चालते त्यांच्यासमोर आपला डबा उघडून दाखवायला आपल्याला संकोच तर वाटणार नाही ना?