दुखणाइताने गांजा घ्यावा काय?

आपल्या जालना जिल्ह्यातून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस जातात, हे आपणांस ठाऊकच आहे. अशा एका मनुष्याची कल्पना करा, ज्याने वीस हंगाम उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिल्या आणि ज्याची कंबर आता त्यास रात्री निजू देत नाही. घरची माणसे झोपली म्हणजे तो उठून चिलीम ओढतो. दोन घटका बरे वाटते. रविवारी मात्र तो मंडळीत मान खाली घालून बसतो. त्याने पाप केले काय?

कित्येक म्हणतात की, क्रुसावर प्रभूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला तो त्याने घेतला नाही, म्हणून आपणही दुःख मुकाट्याने सोसावे. परंतु प्रभूने नाकारले ते स्वतःसाठी. त्याच्या पायांशी आलेल्या दुखणाइतांस त्याने सोसण्याचा उपदेश करून परत लावले नाही; त्यांस बरे केले. पौलानेही तीमथ्याला प्रकृतीसाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले. तेव्हा वेदना शमविणे हे पाप नव्हे.

तथापि एवढ्यावरून चिलीम निर्दोष ठरत नाही. १८९३-९४ साली सरकारने नेमलेल्या भांग-गांजा चौकशी मंडळाने असे ठरविले की, माफक सेवनाने सहसा मोठी हानि होत नाही, अतिसेवनाने होते. दुखण्यावरील गुणाविषयी आजचे विद्वानही एकमताचे नाहीत. २०१७ साली अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने जुनाट वेदनेवर गांजाचा उपयोग होतो, ह्यास भरीव पुरावा आहे असे म्हटले; २०२१ साली वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पुरावा अपुरा म्हणून त्यास पाठिंबा दिला नाही. शिवाय चिलमीत किती अंश आहे हे ओढणाऱ्यास कळत नाही, आणि धुराने छातीस अपाय होतो तो निराळाच.

कायद्याचेही भान ठेवावे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून गांजा बाळगणे गुन्हा आहे. एक किलोपर्यंतच्या अल्प प्रमाणासही एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्याच कायद्याने वैद्यकीय उपयोगास वाट ठेवली आहे, आणि भांगेच्या पानांपासून केलेली काही आयुर्वेदीय औषधे वैद्याच्या चिठ्ठीने मिळतात. अर्थात पानटपरीमागे मिळणारी पुडी व वैद्याने मापून दिलेली मात्रा ह्या एक नव्हेत.

मग औषध कोणते व व्यसन कोणते? माझ्या मते त्यांचा भेद झाडात नाही. औषधास माप असते, ते उघडपणे घेतले जाते, आणि ते मनुष्याला त्याच्या कामाकडे व त्याच्या माणसांकडे परत आणते. व्यसनास माप राहत नाही. ते लपते, आणि मनुष्याला त्याच्या माणसांपासून दूर नेते. ह्या कसोटीस आपल्या बंधूची मध्यरात्रीची चिलीम उतरत नाही, हे त्यास प्रीतीने सांगितलेच पाहिजे.

परंतु ती चिलीम लपली का, हे आपणही स्वतःस विचारावे. वेदना डोळ्यांस दिसत नाही. जखम असती तर आपण धावलो असतो. कंबर दुखते म्हणणाऱ्यास मात्र आळशी म्हटले, आणि त्याने दुसऱ्यांदा सांगितले नाही. ज्याचे दुखणे कोणी खरे मानले नाही, त्याने धुरापाशी सांत्वन शोधले, तर दोष एकट्या त्याचाच काय?

म्हणून उपदेशकांस माझी विनंति आहे. अशा मनुष्याच्या घरी जाल तेव्हा प्रथम चिलमीविषयी बोलू नका. रात्री झोप लागते काय, हे विचारा. त्याचे ऐकून घ्या व त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. तो काय घेतो हे डॉक्टरांस खरेखरे सांगण्याचे त्यास धैर्य द्या, कारण ते न कळता दिलेली दुसरी औषधे त्यास बाधू शकतात. गुण सावकाश येईल, कदाचित पुरता येणारही नाही. तोवर त्याच्या उंबऱ्यावर आपली पावले वाजत राहावीत.