न दिसणाऱ्या शेजाऱ्याचें देणें

ज्याची हानि आपल्या हातून होते, परंतु ज्याला आपण कधीं पाहिलें नाहीं, त्याच्याविषयीं आपण देवापुढें जबाबदार आहों काय? हा प्रश्न पंडितांचा वाटेल. तथापि तो गुरें राखणाऱ्या साध्या मनुष्याच्या पायांखालच्या मातींतूनच निघतो.

न्यूझीलंड हा कुरणांचा देश आहे. तो देश हवा तापविणारे जे वायु सोडतो, त्यांपैकीं सुमारें अर्धे शेतीपासून निघतात. त्यांतील मोठा वांटा गुरांच्या रवंथापासून होणाऱ्या मिथेन वायूचा. परंतु एक वांटा खुद्द जमिनींतून निघतो, त्याचें नांव नायट्रस ऑक्साइड. गाय जेथें मुतते त्या लहानशा जागीं इतकें नत्र सांचतें कीं, तेथील गवताला तें सर्व घेतां येत नाहीं. त्यांत पाऊस पडून जमीन चिखलली आणि खुरांनीं तुडविली गेली, म्हणजे मातींतील हवेचीं छिद्रें बुजतात, आणि सूक्ष्म जंतु त्या उरलेल्या नत्राचा हा वायु करून सोडतात. त्याला रंग नाहीं. तथापि शंभर वर्षांच्या हिशेबानें त्याचा १ किलो हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २७३ किलोंइतकी उष्णता अडवितो, आणि तो हवेंत शंभर वर्षांहून अधिक काळ राहतो.

उपाय साधे आहेत. ओल्या जमिनीवर गुरें सोडूं नयेत. खत बेतानें व गवत वाढीस लागलें असतां घालावें. हवेंतील नत्र घेणारी क्लोव्हरसारखी वनस्पति गवतांत पेरावी. २०२१ सालीं तेथील सरकारचा नियम लागू झाला कीं, कुरणाच्या एका हेक्टरास वर्षाला १९० किलोंहून अधिक कृत्रिम नत्र घालूं नये. तो मुख्यतः पाणी शुद्ध राखण्यासाठीं झाला, तरी त्यानें ह्या वायूलाही आळा बसतो.

बेतानें खत घालण्यांत धर्म व नफा एकाच वाटेनें चालतात. कारण वायां गेलेलें खत शेतकऱ्याच्याच पैशांचें असतें. खरी परीक्षा पुढें आहे. पावसांत गुरें कोरड्या जागीं बांधून त्यांना वैरण आणून घालणें ह्यांत श्रम आहेत, आणि ते न केल्यास कोणी जाब विचारणार नाहीं.

आपल्यापैकीं कोणी म्हणेल, "आमचीं दोन गुरें, मोठ्या देशांचे कारखाने धूर ओकीत असतां आम्हांला बोल कां?" हा आक्षेप खोटा नाहीं. ज्याचा कारभार मोठा, त्याचा हिशेबही मोठा. श्रीमंताचें ओझें गरिबाच्या माथीं ठेवणें न्यायाचें नव्हे. परंतु दुसऱ्याचा हिशेब मोठा म्हणून आपली वही कोरी होत नाहीं. युरिया अंदाजानें फेंकणारा, आणि गायरान सर्वांचें म्हणजे कोणाचेंच नाहीं असें समजून तें तुडवूं देणारा, हे दोघेही आपल्या लहान कारभारांत चुकतात.

शोमरोन्याच्या दाखल्यांतील जखमी मनुष्य वाटेवर दिसत तरी होता. आमचा जखमी शेजारी कदाचित् अजून जन्मलाही नसेल. त्याच्यासाठीं केलेल्या श्रमांचे आभार मानावयास कोणी येणार नाहीं. म्हणूनच ते श्रम प्रीतीचे ठरतात.

तर बंधूंनो, येत्या पावसाळ्यांत गुरें सोडण्यापूर्वीं जमिनीवर पाऊल दाबून पाहा. तें रुतलें, तर त्या दिवशीं गुरें बांधून ठेवा.