काठिण्याचा आश्रय

अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत शिकणारे लक्षावधी विद्यार्थी दरवर्षी मे महिन्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षांना बसतात. शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकावा, त्याची सर्वांसाठी एकच असलेली परीक्षा द्यावी आणि तीत १ ते ५ या श्रेणींपैकी ३ किंवा त्याहून वरची श्रेणी मिळाल्यास अनेक महाविद्यालयांनी त्या विषयाचे श्रेयांक द्यावेत, अशी ही व्यवस्था आहे. फोर्ड फाउंडेशनच्या निधीतून काही निवडक शाळा आणि विद्यापीठे यांनी १९५० नंतरच्या वर्षांत तिची आखणी केली, १९५५ साली ती कॉलेज बोर्ड या संस्थेकडे आली आणि आज तीत सुमारे चाळीस विषय आहेत. यांपैकी सर्वांत कठीण परीक्षा कोणती, हा प्रश्न विद्यार्थी आणि पालक सतत विचारतात, कारण कोणते विषय घ्यावेत हा निर्णय त्यावर अवलंबून असतो. निकालाचे तक्ते उघडले की उत्तर मिळेल, असे वरकरणी वाटते. परंतु तेच तक्ते नीट वाचले असता तत्त्वज्ञानातील एक जुना प्रश्न समोर उभा राहतो. काठिण्य हा धर्म नेमका कोणाच्या ठिकाणी राहतो: विषयाच्या, परीक्षेच्या की परीक्षार्थीच्या?

भौतिकशास्त्राच्या दोन परीक्षांची तुलना येथे उद्बोधक ठरते. ‘फिजिक्स १’ ही २०१५ पासून घेतली जाणारी परीक्षा बीजगणिताच्या आधारावर उभी आहे, तीत कलनशास्त्राची, म्हणजे सतत बदलणाऱ्या राशींच्या गणिताची, गरज पडत नाही. ‘फिजिक्स सी’मधील यामिकीची परीक्षा मात्र कलनशास्त्रावाचून देताच येत नाही. असे असूनही २०१५ नंतरच्या दशकात फिजिक्स १ मध्ये ३ किंवा अधिक श्रेणी मिळवणारे विद्यार्थी बहुतेक वर्षी निम्म्याहून कमी होते, तर फिजिक्स सी यामिकीत हे प्रमाण साधारणपणे सत्तर टक्क्यांच्या पुढे राहिले. कलनशास्त्राच्या दोन परीक्षांतही हेच दिसते. ‘बीसी’ परीक्षेच्या पाठ्यक्रमात ‘एबी’चा सगळा भाग येतो आणि त्यावर आणखी भर पडते, तरीही ५ ही सर्वोच्च श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण बीसीमध्ये एबीपेक्षा बरेच मोठे असते. चिनी भाषेच्या परीक्षेत तर जवळपास निम्मे परीक्षार्थी ५ ही श्रेणी मिळवतात; त्यांतील अनेकांच्या घरी ती भाषा बोलली जाते, आणि म्हणूनच कॉलेज बोर्ड भाषाविषयांच्या निकालात मुख्यतः अमेरिकन वर्गातच ती भाषा शिकलेल्यांची आकडेवारी वेगळी काढते. यावरून उत्तीर्णांचे प्रमाण सर्वप्रथम काय सांगते, ते स्पष्ट होते. परीक्षेला कोण बसले आणि ते कोणती तयारी घेऊन आले, याची ती नोंद असते. विषयाच्या खोलीविषयी ती फारच थोडे सांगते.

या आकड्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कोणत्या गुणांना कोणती श्रेणी द्यायची, ही रेषा माणसे आखतात आणि माणसेच ती हलवतात. कॉलेज बोर्डाने अलीकडच्या वर्षांत ही रेषा ठरवण्याची पद्धत बदलली, तेव्हा इंग्रजी साहित्याच्या परीक्षेत ३ किंवा अधिक श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण २०२१ मध्ये निम्म्याहून कमी होते ते २०२२ मध्ये पंच्याहत्तर टक्क्यांच्या पुढे गेले, आणि अमेरिकेच्या इतिहासाच्या परीक्षेत २०२३ ते २०२४ या एका वर्षात अशीच मोठी वाढ झाली. कविता एका वर्षात सोप्या झाल्या नाहीत आणि इतिहासही सोपा झाला नाही. म्हणून जो धर्म मोजमापाची रेषा हलताच नाहीसा होतो, तो विषयाचा स्वभाव मानता येत नाही.

मग काठिण्य हा केवळ भास आहे का? वैशेषिक दर्शनाने केलेला एक विचार येथे मार्ग दाखवतो. गुण म्हणजे द्रव्याच्या आश्रयाने राहणारा धर्म, अशी व्यवस्था लावताना या दर्शनाने गुणांमध्ये परत्व आणि अपरत्व, म्हणजे दूरपण आणि जवळपण, यांचीही गणना केली, आणि त्यांच्या उत्पत्तीला अपेक्षाबुद्धी लागते असे सांगितले; अपेक्षाबुद्धी म्हणजे एका वस्तूला दुसरीच्या अपेक्षेने पाहणारी जाणीव. एखादे गाव दूर आहे हे विधान कोठून पाहिले ते सांगितल्याशिवाय पूर्ण होत नाही, पण म्हणून ते अंतर खोटे ठरत नाही आणि ते चालून जाण्याचे श्रमही टळत नाहीत. काठिण्य या जातीचे आहे. ते ज्ञेय आणि ज्ञाता यांच्यामधले अंतर आहे. त्याला दोन टोके आहेत, त्यांतले एक टोक विषयाच्या रचनेत आहे आणि दुसरे शिकणाऱ्याच्या पूर्वतयारीत, आणि कोणतेही एक टोक वगळून केलेले वर्णन अपुरे राहते.

अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या ‘मेटाफिजिक्स’ या ग्रंथात सत्याचा शोध कठीण का, याचा विचार करताना काठिण्याची दोन कारणे संभवतात असे मानले: एक वस्तूंमध्ये आणि दुसरे आपल्यामध्ये. मुख्य कारण आपल्यामध्येच आहे, असा त्याचा कल होता. दिवसाच्या उजेडापुढे वटवाघळाच्या डोळ्यांची जी स्थिती, तीच स्वभावतः अत्यंत स्पष्ट असलेल्या गोष्टींपुढे आपल्या बुद्धीची, असा दृष्टांत त्याने दिला. फिजिक्स १ ची परीक्षा हे या विचाराचे चांगले उदाहरण आहे. न्यूटनचे गतीचे नियम थोडक्या वाक्यांत मावतात, त्यांना लागणारे गणितही साधे असते. परंतु ज्या मनात ते उतरायचे, ते मन रिकामे नसते. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो तेव्हा त्याचे त्वरण शून्य होते, किंवा मालमोटार लहान गाडीवर आदळते तेव्हा मालमोटारीने लावलेले बल अधिक असते, अशा समजुती रोजच्या अनुभवातून घट्ट झालेल्या असतात. त्या क्षणीही चेंडूवर गुरुत्वाकर्षणाचे बल पूर्वीइतकेच कार्य करत असते आणि त्याचे त्वरणही तेवढेच राहते, तसेच टकरीत दोन्ही वाहनांवरील बले समान असतात, हे सूत्रात मांडणे सोपे असले, तरी त्याप्रमाणे जगाकडे पाहू लागणे अवघड असते. या परीक्षेत उत्तराची कारणे शब्दांत मांडावी लागतात, त्यामुळे सूत्र पाठ असून दृष्टी जुनीच असलेला विद्यार्थी तेथे अडतो. फिजिक्स सीला बसणाऱ्या अनेकांनी हे दृष्टिपरिवर्तन आधीच्या एखाद्या अभ्यासक्रमात पार केलेले असते. माहितीची भर घालण्यापेक्षा पूर्वीची समजूत मोडून नवी उभारणे अधिक कष्टाचे असते, आणि काठिण्याचा सर्वांत खोल अर्थ येथेच सापडतो.

भारतीय परंपरेने या दुसऱ्या टोकाचा विचार अधिकाराच्या कल्पनेतून केला. वेदान्तातील प्रकरणग्रंथ आरंभी अनुबंधचतुष्टय सांगतात, म्हणजे ग्रंथाचा अधिकारी कोण, विषय कोणता, ग्रंथाचा विषयाशी संबंध काय आणि प्रयोजन काय, या चार गोष्टी स्पष्ट करतात, आणि त्यांत अधिकाऱ्याचा उल्लेख पहिला येतो. विवेक, वैराग्य, शमदमादी सहा साधने आणि मुमुक्षुत्व अशी तयारी असल्याशिवाय ब्रह्मविचार फळत नाही, हे म्हणणे शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनेही खरे आहे, कारण ते काठिण्याचे उत्तर विषयाला सोपे करण्यात शोधत नाही, साधकाला घडवण्यात शोधते. परंतु याच कल्पनेचा उपयोग जन्मावरून माणसांना बाहेर ठेवण्यासाठीही झाला, आणि अर्जित करायची योग्यता ही जन्मसिद्ध मर्यादा मानली गेली. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतार्थ मराठीत आणला, तेव्हा गीतेचा विचार उथळ झाला नाही. त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र अनेकांसाठी मोकळी झाली. जे विषयाचे काठिण्य म्हणून सांगितले जात होते, त्यातले बरेचसे नाकारलेल्या प्रवेशाचे होते. आजच्या अमेरिकेतही अनेक गरीब आणि ग्रामीण भागांतील शाळांत कलनशास्त्र शिकवलेच जात नाही. तेथील विद्यार्थ्याला फिजिक्स सी आवाक्याबाहेरची वाटली, तर तो त्याच्या बुद्धीचा निर्णय समजणे हा अन्याय आहे.

येथपर्यंतचा विचार काठिण्य कोठे असते एवढेच सांगतो. ते पत्करावे का, हा प्रश्न उरतो. फ्रेंच विचारवंत सिमोन वेय हिने १९४२ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, शालेय अभ्यास आणि ईश्वरप्रेम यांच्या नात्यावर एक निबंध लिहिला. स्वतः तत्त्वज्ञानाची शिक्षिका असलेल्या आणि गीता मूळ संस्कृतात वाचण्यासाठी ती भाषा शिकलेल्या या लेखिकेचे प्रतिपादन असे, की प्रार्थनेचे सार अवधानात, म्हणजे स्वतःला बाजूला ठेवून वस्तूकडे एकाग्रतेने पाहण्यात आहे, आणि शालेय अभ्यासाचे खरे प्रयोजन हे अवधान वाढवणे हेच आहे. म्हणून भूमितीचे उदाहरण सुटले नाही तरी त्यावर प्रामाणिकपणे खर्च केलेले अवधान वाया जात नाही, आणि आपले चुकलेले उत्तर न लपवता ते पुन्हा लक्षपूर्वक पाहणे हा नम्रतेचा श्रेष्ठ अभ्यास ठरतो. ईश्वर न मानणाऱ्यालाही या विचारातील मुख्य भाग स्वीकारता येतो, कारण दुसऱ्या माणसाचे दुःख समजून घेण्यासाठीही हेच अवधान लागते. परीक्षेचा निकाल एका अंकात येतो आणि त्या अंकात या वाढीची नोंद नसते. मात्र अंकात जे मावत नाही ते घडलेच नाही, असे मानण्याचा अधिकार कोणत्याही परीक्षेला नाही.

म्हणून सर्वांत कठीण परीक्षा कोणती, या प्रश्नाला सर्वांसाठी एक उत्तर असू शकत नाही, पण प्रत्येक विद्यार्थ्यासाठी खरे उत्तर असते, आणि ते त्याच्या आजच्या तयारीपासून विषयाच्या मागणीपर्यंतच्या अंतरात शोधावे लागते. ते अंतर अनावश्यक अडथळ्यांमुळे वाढले असेल, तर ते कमी करणे हे शाळेचे आणि समाजाचे कर्तव्य आहे. ते दृष्टी बदलण्याचे अंतर असेल, तर ते विद्यार्थ्यालाच चालावे लागते, आणि शिक्षकाला त्याच्या सोबत राहता येते. या दोन अंतरांतला भेद ओळखणे, पहिल्याबद्दल विद्यार्थ्याला दोष न देणे आणि दुसरे त्याच्यापासून हिरावून न घेणे, एवढे जी शिक्षणव्यवस्था करील, तिला आपल्या परीक्षा कठीण असल्याचा अभिमान बाळगण्याची गरज राहणार नाही आणि त्या सोप्या करण्याचीही.